साठ चिमटे

आमच्या सुनेनं माझा घण लपवला. घरातली वस्तू घरातच आहे म्हणून चोरी म्हणता येत नाही, पण सासूचा पाच किलोचा घण नजरेआड करायचा आणि वर काही झालंच नाही असं वागायचं, याला काय म्हणावं? तीन दिवस मी शोधत होते. कोळशाच्या ढिगात हात घालून पाहिला, तुराट्यांच्या मागं वाकून पाहिलं, भात्याचं जुनं कातडं उचलून पाहिलं. शेवटी नुजहतलाच विचारलं. ती भाकर थापत होती.

"कुठी जाईन अम्मी? असन घरातच," ती म्हणाली. नजर भाकरीवरून काढली नाही.

खोटं बोलली नाही आणि खरंही सांगितलं नाही. आर्णीची पोरगी, बापाचं टायर-पंक्चरचं दुकान. गिऱ्हाइकाशी कसं बोलावं ते लहानपणापासून ऐकलेलं.

तो घण माझा आहे. मी फुलसावंगीला नांदायला आले तेव्हा सासूनं चूल दाखवायच्या आधी तो माझ्या हातात दिला होता. परवेजचे अब्बा सांडशीत लाल लोखंड धरून बसायचे, हातोडीनं जागा दाखवायचे, आणि मी उभी राहून तिथंच घण घालायची. त्यांनी हातोडी आडवी ठेवली की थांबायचं. दिवसभर आम्ही दोघं एक शब्द बोलत नव्हतो आणि काम होत होतं. परवेज पोटात होता तेव्हाही आठव्या महिन्यापर्यंत घातला. ते गेले, परवेजनं वेल्डिंगचं मशीन आणलं, गेट आणि खिडक्या करू लागला. पण वखराची पास तापवायची, डवऱ्याचं पातं शेवटायचं, म्हणजे ठोकून धार काढायची, तर घणाला मीच होते.

त्या साली डवरे शेवटायला कोणी आलंच नाही. कापसात गुलाबी आळी पडली होती. वरून बोंड हिरवंगार, फोडलं की आत किडकी सरकी आणि वळवळणारी आळी. लोकांनी दुसऱ्या वेचणीनंतर शेतात जाणंच सोडलं. आमचा भाता दिवाळीपासून थंड होता. परवेज दुकानापुढं खुर्ची टाकून बसायचा आणि रस्त्यानं जाणाऱ्याला रामराम-सलाम करायचा.

अशात जानेवारीच्या तीन तारखेला भगवानराव गाडीवरून आले. त्यांचा पंचवीस-तीस शेतकऱ्यांचा गट आहे.

"चाची, पऱ्हाटी उपटायचे चिमटे करून देता का? साठ पाहिजेत."

त्यांनी एक नमुना आणला होता. माणसाच्या छातीइतका दांडा, खाली पाय, पायाजवळ दोन दातेरी जबडे. पऱ्हाटीचं, म्हणजे कापसाच्या झाडाचं, बुड जबड्यात धरायचं, दांड्यावर भार द्यायचा, मुळासकट बाहेर.

"हातानं नाही उपटत?" परवेजनं विचारलं.

"बाया दोन दिवस येतात, तिसऱ्या दिवशी हात दाखवतात. फोड आलेले राह्यते. अन् उभी ठेवली तं आळी त्याच्यातच राह्यते, पुढच्या साली आणखी. महिना संपायच्या आत सारी पऱ्हाटी निघाली पाहिजे. सव्वीस जानेवारीले चिमटे हातात पाहिजेत. जमत नसन तं आताच सांगा, मी उमरखेडले जातो."

"जमते," मी म्हटलं. परवेजनं माझ्याकडं पाहिलं.

साठ चिमटे म्हणजे एकशेवीस जबडे. जबडा साध्या पत्र्याचा चालत नाही, दात एका दिवसात भोथरे होतात. जीपच्या कमानीचा पाटा लागतो. तो लाल करायचा, वर छन्नी धरायची आणि घण घालायचा. दुसऱ्या दिवशी परवेजनं छन्नी धरली, मी घण घेतला. संध्याकाळपर्यंत चार जबडे झाले. पाचव्याला हात वर गेला तो वरच राहिला, खाली आणायला डाव्या हातानं धरावा लागला. सकाळी केस विंचरायला बसले तर फणी डोक्यापर्यंत पोचेना. मग गुडघ्यावर डोकं टेकवून मी केस हाताकडं आणले. नुजहत चहा घेऊन दारात उभी होती. तिनं चहा ठेवला आणि मागं फिरली.

त्याच दिवशी घण गेला.

मी शोधत होते तेव्हा नवरा-बायको मोबाइलवर काहीतरी पाहत बसायचे. तिसऱ्या दिवशी परवेज माझ्यापुढं येऊन बसला.

"अम्मी, प्लाझमा कटर घ्याव म्हणतो. विजेनं लोखंड वितळते अन् हवा ते उडवून लावते. गॅसच्या नळ्यांची भानगड नाही. घरच्या लाइनवर चालते."

"गॅसनं तुझ्या भिवया जाळल्या. हे काय जाळन?"

"मागच्या ईदच्या बकऱ्यांचे पैसे आहेत ना बँकेत. त्याच्यात बसन असं पाहू."

"कोण पाहीन? तू?"

परवेज चांगला कारागीर आहे, पण दुकानदारानं चहा पाजला की तो वस्तूकडं पाहत नाही, माणसाकडं पाहतो.

"मी येतो संग," मी म्हटलं. "अन् नुजहतलेही घे. मोबाइल इचाच पाहून राह्यला ना तू."

जाताना मी पाट्याचा हातभर तुकडा बारदानात गुंडाळून घेतला. गंजलेला, वर चिखल आणि वंगण वाळून बसलेलं. पुसदच्या गाडीत कंडक्टर म्हणाला, "आजी, हे काय पायात ठेवलं?"

"जीपची कमान. तिकीट फाडता का तिचं?"

तो हसला आणि पुढं गेला.

दुकान मोठं होतं. दुकानदारानं परवेजला खुर्ची दिली, चहा सांगितला. आम्हा दोघींना बाहेरच्या बाकाकडं हात केला. आम्ही बसलो नाही. टेबलावर तीन मशीनं मांडली होती. एक लाल, एक करडं, आणि एक मोठं, त्याच्या पोटातच हवेचा कंप्रेसर.

"भाऊ, हे लाल घ्या," तो परवेजला म्हणाला. "सर्वात स्वस्त. जाडजूड लोखंड आरामात कापते." त्यानं एक कोरा चकचकीत पत्रा घेतला आणि कागदासारखा कापून दाखवला. परवेजचा चेहरा असा झाला की पैसे खिशात असते तर तिथंच काढले असते.

मी बारदान सोडलं आणि पाटा टेबलावर ठेवला.

"हे कापून दाखवा."

"मावशी, याच्यावर किती मळ आहे. आमच्या पत्र्यावर दाखवलं ना."

"तुमच्या पत्र्याचे चिमटे नाही करायचे आम्हाले."

त्यानं परवेजकडं पाहिलं. परवेज जमिनीकडं पाहत होता. मग दुकानदारानं पाट्याची एक कड घासली, अर्थिंगचा चिमटा लावला आणि लाल मशीन सुरू केलं. अर्ध्यापर्यंत गेलं आणि आग खाली जायच्याऐवजी वर उडायला लागली. दोनदा थांबून त्यानं तुकडा पाडला. मी तो थंड होऊ दिला आणि कडेवरून अंगठा फिरवला. खालून लोखंडाचे थेंब लटकले होते, बाभळीच्या डिंकासारखे.

"हे घासायलेच एक माणूस ठेवा लागन," मी म्हटलं.

मग पोटात कंप्रेसरवालं. परवेजला ते फार आवडलं. एकच डबा, काही जोडायचं नाही. त्यानं बरं कापलं, पण दुसऱ्या कापाला मधेच बंद पडलं आणि पिवळा दिवा लागला.

"गरम झालं. थोडं थांबा लागते," दुकानदार म्हणाला.

"दहा मिनिटांतून किती मिनिटं चालते?" हे नुजहतनं विचारलं. इतका वेळ ती माझ्या मागं उभी होती.

"तीनेक मिनिटं, भाऊ," त्यानं परवेजला उत्तर दिलं.

"आमच्या गावात गहू-हरभऱ्याच्या मोटारी लागल्या की दुपारी एकशेसत्तर व्होल्ट राह्यते. तेवढ्यावर कोणतं चालते?"

"वहिनी लई शिकलेल्या दिसतात, भाऊ."

"बारावी," नुजहत म्हणाली आणि टेबलाच्या मागं गेली. तिनं एकेक मशीन फिरवून पाठीवरची पट्टी वाचली. बाजारात बैल घेणारा दात पाहतो तसं, घाई न करता. "लाल दोनशेवीसच्या खाली चालत नाही. हे करडं एकशेसाठवर चालते. याचे नोझल मिळते इथं?"

"ते काय, फळीवर आहे ना."

"अन् लालचे?"

"मागवा लागन. आठ दिवस."

करडं मशीन लावलं. त्याचा आवाज मला आवडला. जाड कापड एका दमात फाडावं तसा, कुठं अडखळला नाही. तुकडा पडला तो सरळ पडला. अंगठा फिरवला, थोडी खरखर होती, कानसीच्या चार हातांत जाईल एवढी.

"हे," मी म्हटलं.

"पण अम्मी," परवेज हळूच म्हणाला, "याले कंप्रेसर वेगळा लागते. त्याचे पैसे नाही उरत."

नुजहत म्हणाली, "अब्बाच्या दुकानात एक जास्तीचा आहे. मोठा आहे."

माझं डोकं तिथंच तापलं. हिच्या निकाहाच्या वेळी मी तिच्या अब्बांना म्हटलं होतं, पोरगी द्या, भांडं नको. एक ताट घेतलं नव्हतं. साऱ्या गावाला माहीत आहे. आता सुनेच्या माहेरून यंत्र आणायचं. पण सव्वीस तारीख काही माझ्यासाठी थांबणार नव्हती.

"उसना," मी म्हटलं. "काम झालं की परत."

दोन दिवसांनी कंप्रेसर टेम्पोतून आला. त्याच्या टाकीवर पिवळ्या अक्षरांत आर्णीच्या दुकानाचं नाव होतं. परवेजला तो पडवीत ठेवायचा होता. कारखान्याला लागूनच पडवी आहे, कोरडी, वरून नीट कौलं आहेत. पण तिथं माझी बाज आहे आणि बाजेच्या पायथ्याशी नुजहतची लग्नातली पेटी. भिंतीतून नळी आत घेऊ म्हणाला.

"तिथं मी झोपतो."

"मंग कुठी ठेवू?"

"कुंडीपाशी आहे ना जागा. ठेव तिथं त्या पंक्चरवाल्याले."

नुजहत ऐकत होती. परवेजनं कंप्रेसर कुंडीपाशी सरकवला.

कुंडी आमची दगडी. ऐरणीच्या डाव्या हाताला, सासऱ्यांच्या बापानं बसवलेली. लाल पातं त्यात बुडवलं की ते कडक होतं. तिचं पाणी आम्ही कधी उपसत नाही, वरून भर घालतो. अजूनही कोणाच्या लेकराच्या अंगावर चामखीळ आली की बाया वाटी घेऊन ते पाणी मागायला येतात. मानीबाई तर तांड्यावरून चालत येते. कुंडी हलवायची गोष्ट घरात कोणी काढत नाही.

काम सुरू झालं. पत्र्याचा साचा पाट्यावर ठेवायचा, त्याच्या कडेनं टॉर्च चालवायची. परवेजनं दोन कापले, दोन्हींचे दात वाकडे. नुजहतनं त्याच्या हातातून टॉर्च घेतली, काळा चष्मा लावला, ओढणी मागं बांधली. आर्णीत ती नवरींच्या हातांवर मेंदी काढायची. मेंदीचा कोन धरतात तशीच तिनं ती टॉर्च धरली. कोपर टेकवलेलं, श्वास थांबवलेला, आणि हात अंगापासून सुटून एकटाच चालावा तसा चालला. सहाच्या सहा दात एकसारखे.

मी पाहिलं. बोलायचं असतं तर घणाबद्दल बोलले असते.

ती कापायची, परवेज दांडे-पाय वेल्डिंग करायचा, आणि मी जबड्यांचे दात तापवून कुंडीत बुडवायची. मग परत आगीवर धरायचं आणि दातांचा रंग पिकल्या जांभळासारखा आला की काढायचं, हे त्या दोघांना अजून दिसत नाही. पहिल्या दिवशी बावीस जबडे झाले. मी मोजले, परत मोजले.

दुसऱ्या दिवशी नोझल फुटू लागलं. टॉर्चच्या तोंडाला तांब्याची छोटी टोपी असते, तिला बारीक भोक. ते भोक मोठं होऊन वाकडंतिकडं झालं, ज्वाला फुरफुरायला लागली, काप तिरपा जायला लागला. नवं नोझल घातलं, दोन तासांत तेच. दोन दिवसांत बरोबर आणलेल्या दहातल्या सात टोप्या गेल्या. परवेज म्हणाला व्होल्टेज. नुजहतनं मीटर लावून पाहिलं, व्होल्टेज बरं होतं. परवेज सकाळच्या गाडीनं पुसदला जाऊन पाच टोप्या घेऊन आला, त्यातल्या दोन संध्याकाळपर्यंत गेल्या.

अठरा तारखेला भगवानराव आले. तयार चिमटे चौदा होते.

"चाची, मी अर्धे उमरखेडले देऊ का? वाईट मानू नका. पोरगा अन् सूनबाई मेहनत करून राह्यले, पण माझ्या मागं तीस घरं आहेत."

"दोन दिवस द्या."

"दोन दिवस," ते म्हणाले आणि गेले.

मला राग आला होता. कोणावर काढायचा तर समोर कंप्रेसर होता. "फुकटचं असंच राह्यते," मी म्हटलं. "पंक्चर काढायची हवा. तिनं का लोखंड कापन."

परवेजनं वेल्डिंगची काच खाली केली. नुजहत कंप्रेसरपाशी वाकली आणि टाकीच्या बुडाचा स्क्रू फिरवला. फस्सकन पाणी आलं. तांबूस, तांब्याभर असेल. जमीन ओली झाली. तिनं पाण्याकडं पाहिलं, कुंडीकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं पाहिलं. मग स्क्रू आवळला आणि परत टॉर्च हातात घेतली.

मला वाटलं, काहीतरी माहीत आहे हिला. विचारायचं मात्र माझ्या तोंडून निघेना.

दुपारी मी एकटी भट्टीवर होते. दहा जबडे तापत ठेवले होते, पहिला सांडशीनं धरून कुंडीत बुडवला. वाफ उठली, नेहमीसारखी. पण कंप्रेसर चालू होता आणि वाफ नेहमीसारखी कौलांकडं गेली नाही. ती वाकली, आडवी झाली आणि कंप्रेसरच्या डोक्यावरच्या जाळीत शिरली. सारीच्या सारी. दुसरा जबडा बुडवला, तीही गेली. मी तिथंच बसले.

चाळीस वर्षं भाता चालवला मी. भात्याच्या तोंडाशी कधी ओलं फडकं नेलं नाही. पावसाळ्यात कातड्यावर पोतं टाकायची, त्याला ओल लागू नये म्हणून. ओला भाता कोळसा पेटवत नाही, नुसता धूर करतो, हे मला सासूनं शिकवलं होतं आणि मी सुनेला शिकवलं होतं. आणि या यंत्राला मीच कुंडीचं पाणी पाजत होते. माझ्याच हातानं, माझ्याच जबड्यांची वाफ, आणि त्या ओल्या हवेनं नोझल फुटत होतं.

नुजहतला ते कळलं होतं. स्क्रू फिरवला तेव्हाच. तिनं सांगितलं नाही, कारण मी तिच्या बापाच्या वस्तूला फुकटची म्हटलं होतं. सांगितलं असतं तर मी ऐकलं असतं का? नसतं ऐकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती नळावर गेली आणि परवेज दांड्यांचे लोखंडी पाइप घेऊन येणाऱ्या गाडीवाल्याला फोन करायला बाहेर गेला, तेव्हा मी पडवीत गेले. अंथरूण गुंडाळलं. बाज उभी केली आणि डाव्या खांद्यानं लोटत लोटत स्वयंपाकघरात नेली. चुलीसमोर झोपायला काही वाईट नाही, थंडीचं तर चांगलंच. मग पेटी सरकवायला वाकले. कपड्याची पेटी. पण तसूभर सरकेना. दोन्ही हात लावले, पाय भिंतीला टेकवला. पत्रा कुरकुरला, आत काहीतरी जड एका बाजूनं दुसऱ्या बाजूला घरंगळलं आणि धप्पकन बसलं.

मी झाकणावर हात ठेवला. कुलूप नव्हतं. उघडलं नाही.

नळावरून आली तेव्हा नुजहतच्या डोक्यावर घागर होती. तिनं मोकळी पडवी पाहिली, अर्धवट सरकलेली पेटी पाहिली. घागर खाली ठेवायचंच विसरली.

"परवेजले बोलाव," मी म्हटलं. "अन् पेटी तुम्ही दोघं उचला. माझ्या एकटीनं होत नाही."

दुपारपर्यंत कंप्रेसर पडवीत गेला. भिंतीला भोक पाडून नळी आत घेतली. त्या दिवशी जे नोझल लावलं ते चार दिवस टिकलं. कापताना मधे मधे नुजहत उठायची आणि टाकीचा स्क्रू सोडून पाहायची. थेंबभर पाणी यायचं, कधी तेही नाही. भगवानराव दोन दिवसांनी आले, रचलेले जबडे पाहिले, चहा पिऊन गेले. अर्धे चिमटे उमरखेडला गेले नाहीत.

पंचवीसला संध्याकाळी ट्रॅक्टर आला. साठ चिमटे एकावर एक रचले. भगवानरावांनी एक हातात घेऊन दारापुढच्या एरंडीच्या बुडाला लावला आणि दांड्यावर वाकले. एरंडी मुळासकट वर आली, मुळाला लागलेली माती त्यांच्या पायावर पडली.

"चाची, दात लई पक्के आहेत."

"दात मी केले. आकार सुनेनं कापला," मी म्हटलं. तेवढंच.

ट्रॅक्टर गेला. परवेज मागं मागं चौकापर्यंत गेला, पैसे आणि पान दोन्ही घ्यायला. मी ओट्यावर बसले होते. नुजहत फणी घेऊन आली. आठवडाभरापासून तीच माझे केस विंचरत होती, विचारायची नाही, येऊन मागं बसायची. थोडा वेळ विंचरून झाल्यावर म्हणाली,

"अम्मी, कंप्रेसर उद्या आर्णीले पाठवू? काम झालं."

मी केस तिच्या हातातून सोडवले आणि तिच्याकडं वळले. जे सांगायचं ते तोंडावर सांगावं.

"राहू दे. अब्बाले सांगजो, सुग्राबीनं ठेवून घेतला. निकाहात नाही घेतलं ते आता घेतलं म्हणा. मशीन तू बरोबर घेतलं, जागा म्या चुकीची देल्ली. अन् तुले दिसत होतं तं तोंड उघडाले पाहिजे होतं. नऊ नोझल गेले ते माझ्या माथ्यावर, पण तुले दिसल्यावरही एक दिवस गेला तो माझ्या जिभेच्या भेवानं, तो तुझ्याही माथ्यावर. पुढं मी चुकलो तं तिथंच सांगजो, मी ओरडीन, ओरडू देजो. राह्यला घण. लपवला ते चुकलंच तुझं, पण ठेवाची जागाही तुले समजली नाही. लोखंड आहे ते, निकाहाच्या कपड्यावर गंजाचे डाग पडतीन. बारदानात गुंडाळ अन् पेटीतच ठेव. अन् मी मागतला तरी देऊ नको."